चौरस फूट आणि रोजचे तास

मुंबई महानगर प्रदेशात घर घेताना जागेची किंमत करारनाम्यात लिहिली जाते. त्या जागेतून कामावर जाण्यायेण्यात खर्ची पडणाऱ्या वेळाची किंमत कुठेच लिहिली जात नाही, पण पुढची वीस-पंचवीस वर्षे ती रोज चुकवावी लागते. दादरला ज्या पैशांत एक खोली मिळणे कठीण, त्याच पैशांत डोंबिवलीत वन बीएचके मिळू शकते आणि बदलापुरात गॅलरी, वारा आणि समोर डोंगर असलेले त्याहून मोठे घर. चौरस फूट वाढतात तसे दिवसाचे तास कमी होतात. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांनी हा व्यवहार केला आहे, तरीही घर बघायला जाताना हिशेब मांडला जातो तो बहुधा फक्त हप्त्याचा.

जागेचा भाव आणि अंतर यांच्या नात्याची शास्त्रीय मांडणी १८२६ मध्ये जर्मनीत योहान हाइनरिश फॉन ट्यूनेन याने केली. तो स्वतः शेती करणारा होता आणि बाजाराच्या गावापासून किती अंतरावर कोणते पीक परवडते, हा त्याचा प्रश्न होता. १९६४ मध्ये अमेरिकेतील विल्यम अलोन्सो याने तोच विचार शहराला लावला. नोकऱ्या जिथे एकवटल्या आहेत तिथून दूर जावे तसा जागेचा भाव उतरतो, कारण घेणारा प्रवासाचा पैसा आणि त्रास वजा करूनच बोली लावतो. हे सूत्र बरोबर आहे, मात्र घेणाऱ्याला त्या त्रासाचे मोल आधीच कळते असे त्यात गृहीत धरलेले असते. मुंबईत ते कळत नाही. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास काही शे रुपयांत मिळतो आणि त्यावर रोज जाणारा माणूस महिन्याला पन्नासेक फेऱ्या करतो. घरखर्चाच्या वहीत प्रवास ही ओळ इतकी लहान असते, की प्रवास फुकटच आहे असे वाटू लागते. या स्वस्त पासाने लाखो कुटुंबांना महानगरात पाय रोवता आला, हे निर्विवाद. पण त्याच पासाने अंतराची खरी किंमतही नजरेआड केली.

घर आणि काम यांची ताटातूट मुंबईत रेल्वेने शक्य केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि १८६७ मध्ये पश्चिमेकडे विरारहून बॅक बेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. तरी पुढची कित्येक दशके बहुसंख्य मुंबईकर कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावरच राहिले. लालबाग, परळ, भायखळ्याच्या गिरणगावात भोंगा ऐकून निघालेला कामगार पाळीला वेळेवर पोहोचत असे. त्याने वेळ वाचवला होता, पण त्यासाठी दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसांनी आळीपाळीने झोपण्याची किंमत मोजली होती. १८९६ च्या प्लेगने या दाटीचा हिशेब क्रूरपणे मांडला. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत रुंद रस्ते, झाडे, मोकळी मैदाने असलेल्या वसाहती आखल्या. फोर्टातला कारकून गिरगावची चाळ सोडून दादरच्या हिंदू कॉलनीत राहायला आला, तेव्हा ‘जरा लांब, पण चांगली वस्ती’ हा पर्याय मुंबईच्या नोकरदाराला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर खुला झाला. आज दादर हे लांबचे ठिकाण होते यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी विजेवर चालणारी पहिली गाडी धावली आणि हे अंतर आणखी आटले.

दादरनंतर पार्ले, मग मुलुंड आणि ठाणे, मग डोंबिवली, आता बदलापूर, वांगणी, नेरळ. हे पुढे सरकणे नुसत्या हौसेचे नव्हते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. ज्यांच्याकडे खोली होती त्यांना ती सोडवेना आणि मालकाला डागडुजी परवडेना. नवी भाड्याची घरे बांधणे तोट्याचे झाले, जुनी घरे पागडीवर हात बदलू लागली. त्याच खोलीत मुलांची लग्ने झाली की एकाला बाहेर पडणे भाग होते, आणि बाहेर म्हणजे रेल्वेच्या रुळांवर पुढे कुठेतरी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या गिरणी संपानंतर तर घराजवळचे कामच नाहीसे झाले. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आणि टॉवर आले, त्यांत कामाला येणारे लोक दुरून येऊ लागले आणि जवळ राहणाऱ्यांची मुले कामासाठी दूर जाऊ लागली. जनगणनेच्या आकड्यांत हे स्वच्छ दिसते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ३३ लाख ३८ हजारांवरून २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच दशकात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली आणि तो देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला.

म्हणूनच लांब राहण्याला कुटुंबाची ‘निवड’ म्हणताना जपून म्हणावे लागते. ज्यांच्यापुढे एकच परवडणारे घर आहे त्यांना तोलायला दुसरे पारडेच नसते. पुढचा विचार लागू पडतो तो ज्यांना जवळचे लहान आणि दूरचे मोठे यांत खरोखर निवड करता येते त्यांना, आणि अशी कुटुंबे महानगरात थोडीथोडकी नाहीत.

जाहिरातीत अंतर सांगितले जाते ते स्टेशनपासूनचे, आणि वेळ सांगितली जाते ती वेळापत्रकातली. प्रत्यक्षात मोजायचा तो दारापासून दारापर्यंतचा वेळ. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर आणि बदलापूर ६८. बदलापूरहून गाडीचा प्रवास साधारण दीड तासाचा. त्यात सोसायटीच्या फाटकापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा आणि तिची रांग, जिना, फलाट, गाडीची वाट, चढता न आल्याने सोडून दिलेली एक गाडी, आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतची चाल किंवा बस मिळवली की एका बाजूचे दोन तास सहज होतात. दिवसाचे चार तास आणि वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले, तर वर्षाला एक हजार तास, म्हणजे जवळजवळ बेचाळीस अहोरात्र प्रवासात जातात. वीस वर्षांच्या कर्जफेडीच्या काळात हा आकडा सव्वादोन वर्षांवर पोहोचतो. झोपेचे तास वजा केले तर जागेपणीची तीन वर्षांहून अधिक.

या बेरजेतला सर्वांत फसवा भाग गाडीचा नसून स्टेशनाच्या अलीकडचा असतो. ठाण्याचा घोडबंदर रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि दोहोंच्या मध्ये तरणतलाव आणि बागा असलेली संकुले: वस्ती म्हणून हा भाग महानगरातल्या चांगल्या भागांत मोडतो. ठाण्याहून सीएसएमटीला फास्ट लोकलने पाऊण तास लागतो, म्हणून कागदावर हे घर जवळचे ठरते. पण कासारवडवली ठाणे स्टेशनपासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि तो रस्ता अवजड वाहनांचाही आहे. सकाळी तेवढे अंतर किती वेळात कापले जाईल हे रोज निघाल्यावरच कळते. याउलट डोंबिवलीत स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर राहणारा माणूस अंतराने दूर असूनही अनेकदा घोडबंदरवाल्याच्या आधी कामावर पोहोचतो. रूळ जवळ असणे हे स्टेशन कोणते आहे याहून जास्त मोलाचे, हा धडा जुन्या रहिवाशांना पक्का ठाऊक असतो. मेट्रोची वडाळा ते कासारवडवली मार्गिका आखली गेली ती याच भागाला रुळांशी जोडण्यासाठी.

अनिश्चितता हा स्वतंत्र खर्च आहे. सरासरी दीड तास लागणारा प्रवास कधी सव्वा आणि कधी अडीच तासांचा होत असेल, तर लेट मार्क टाळणाऱ्या माणसाला रोज अडीच तासांच्या बेताने निघावे लागते. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचते, रविवारी मेगाब्लॉक असतो, सिग्नल बिघडतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस शेकडो प्रवाशांसह अडकून पडली, तेव्हा त्या पट्ट्यातल्या प्रत्येक रोजच्या प्रवाशाने आपला मार्ग किती नाजूक आहे ते पाहिले.

गर्दीचा हिशेब तर तासांत मांडताच येत नाही. रेल्वेच्या परिभाषेत मुंबईच्या गर्दीसाठी वेगळे मोजमाप करावे लागले: उभ्याने एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे. मध्य आणि पश्चिम रेल्वेवर मिळून दिवसाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात, कोरोनापूर्वी रोजचे प्रवासी ७५ लाखांच्या घरात होते, आणि तरी गाड्या पुरत नाहीत. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रुळांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर, एकमेकींजवळून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि चौघांनी त्याच दिवशी प्राण गमावले. ती माणसे नोकरीवर निघालेली होती. घर कुठे घ्यावे या चर्चेत हा मुद्दा अशुभ म्हणून टाळला जातो. तो टाळू नये. ज्या स्टेशनात गाडी भरूनच येते तिथले घर आणि जिथून गाडी सुटते तिथले घर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यामुळेच सुटणारी गाडी असलेल्या स्टेशनाजवळ राहायला लोक खुशीने जास्त पैसे देतात, आणि ज्यांना ते जमत नाही ते उलट दिशेने दोन स्टेशने मागे जाऊन, बसून येतात. बसायला मिळावे म्हणून वीस मिनिटे जास्त देणारा हा प्रवासी वेळेपेक्षा प्रवासाच्या दर्जाला अधिक मोल देतो, आणि त्याचे बरोबर आहे.

आता दुसरे पारडे. ‘चांगली वस्ती’ म्हणजे केवळ मोठी खोली नव्हे. चोवीस तास नसले तरी रोज येणारे पाणी, पायी जाता येईल अशी शाळा, संध्याकाळी मुलांना सोडता येईल असे मैदान, रात्री उघडे असलेले औषधांचे दुकान, वाचनालय, नाट्यगृह आणि ओळखीपाळखीची माणसे मिळून वस्ती होते. डोंबिवलीकडे हे सारे आहे म्हणून ती टिकली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नवे कपडे घालून जमणारी तरुणाई आणि १९९९ मध्ये तिथून सुरू होऊन राज्यभर पसरलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा या गोष्टी नुसत्या स्वस्त घरांतून उगवत नाहीत. त्याच डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात २०१६ आणि २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, हेही वस्तीच्या गुणावगुणांतच मोजावे लागते. नव्या संकुलांत बाग आणि क्लबहाउस आधी येते. सरकारी रुग्णालय, चांगली शाळा आणि रुंद रस्ता यायला पुढची दहा-पंधरा वर्षे लागतात. २००१ मध्ये लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची वस्ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. इतक्या वेगाने वाढणाऱ्या गावात नळ आणि गटारे नेहमीच इमारतींच्या मागे राहतात.

मोठ्या घराचे सुख आणि लांबच्या प्रवासाचे दुःख मनावर सारखे वागत नाहीत, ही या विषयातली कळीची गोष्ट आहे. नव्या घराची गॅलरी पहिले सहा महिने रोज जाणवते, नंतर ती असते एवढेच. प्रवास मात्र सवयीचा होत नाही, कारण तो रोज वेगळ्या प्रकारे त्रास देतो. ब्रुनो फ्राय आणि आलोइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीतून २००८ मध्ये दाखवले, की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल सरासरीने कमी समाधानी असतात. सिद्धांताप्रमाणे चांगल्या घराने किंवा जास्त पगाराने ती तूट भरून निघायला हवी, पण ती निघत नाही. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासातासाचा अनुभव विचारला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सकाळचा कामावरचा प्रवास सर्वांत नकोशा गोष्टींत निघाला. इटालियन पदार्थवैज्ञानिक चेझारे मार्केटी याने १९९४ मध्ये असे मांडले होते, की वाहने कितीही बदलली तरी माणूस दिवसाला सरासरी एक तासच प्रवासासाठी देतो. बदलापूर, विरार, कर्जतचा प्रवासी त्या सरासरीच्या तिप्पट-चौपट देतो. एका बाजूला साधारण सव्वा तासापर्यंतचे अंतर चांगल्या वस्तीसाठी सोसावे, त्यापलीकडे वाढलेली खोली बहुतेक कुटुंबांत तो वेळ भरून देत नाही, असे या सगळ्यावरून म्हणता येते.

लोकलचा डबा म्हणजे केवळ यातना नव्हे. तिथे भजनी मंडळे आहेत, वाढदिवस आणि डोहाळजेवणे होतात, अडीअडचणीला धावून येणारे ग्रुप आहेत. वीस वर्षे एकाच गाडीने जाणाऱ्यांची मैत्री शेजारपाजाऱ्यांपेक्षा घट्ट असते. माणसांनी एका कठीण गोष्टीतून घडवलेले हे सौंदर्य आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण त्या मैत्रीच्या आधारावर गर्दीचे समर्थन करता येत नाही.

तासांची वाटणी घरात समान होत नाही. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते, कारण घरी पोहोचल्यावर तिला कोणी हात लावणार नसते. पश्चिम रेल्वेने १९९२ मध्ये महिला विशेष गाडी सुरू केली, ती अशा लाखो नोकरदार स्त्रियांमुळे. एका बाजूला दोन तास प्रवास करणारा नवरा रात्री साडेनऊला घरी येतो तेव्हा ताट वाढलेले असते. तेवढाच प्रवास करणारी बायको येते तेव्हा कुकर लावायचा असतो. म्हणून लांब घर घेतल्यावर अनेक घरांत पहिली सुटते ती बाईची नोकरी, किंवा ती जवळची, कमी पगाराची नोकरी धरते. हा गमावलेला पगार घराच्या किमतीत मिळवला, तर दूरचे स्वस्त घर बरेचदा स्वस्त राहत नाही. लहान मूल असेल तर पाळणाघर बंद होण्याची वेळ हीच त्या कुटुंबाची खरी मर्यादा असते. घर बघताना नवऱ्याच्या कचेरीपासूनचे अंतर मोजले जाते. बायकोच्या कचेरीपासूनचे आणि मुलांच्या शाळेपासूनचेही त्याच पट्टीने मोजायला हवे.

हिशेब बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे घर जागचे हलत नाही, नोकरी हलते. एके काळी सगळे फोर्ट आणि नरिमन पॉइंटला जात. आता वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, पवई, ऐरोली अशी केंद्रे विखुरली आहेत. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे जोडशहराची कल्पना मांडली तेव्हा तिचा गाभाच हा होता, की घरांबरोबर कामही पलीकडे न्यावे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, वाशी-नेरूळची नेटकी सेक्टरे उभी राहिली. पण मंत्रालय खाडीच्या अलीकडेच राहिले, नरिमन पॉइंटवर कचेऱ्या उठल्या आणि वाशीला रेल्वे पोहोचायला १९९२ उजाडले. कित्येक वर्षे नवी मुंबई ही चांगली वस्ती होती, पण काम मात्र पुलापलीकडे होते. ऐरोलीची माहिती-तंत्रज्ञान संकुले आली तेव्हा कुठे मूळ कल्पनेला रूप आले. २००४ पासून ठाणे-वाशी मार्गावर गाड्या धावू लागल्यावर कल्याण-डोंबिवलीच्या तरुणांना मुंबईत न शिरताच नोकरी गाठता येऊ लागली.

पुण्यात चित्र उलटे आहे. तिथे कोथरूड, सदाशिव पेठ, डेक्कन या जुन्या, सोयीच्या वस्त्या मध्यात आहेत आणि हिंजवडी, खराडीची कामे काठावर. त्यामुळे तिथला नोकरदार आई-वडिलांजवळची चांगली वस्ती सोडून वाकडला जायचे की रोज दुचाकीवरून वाहतुकीत अडकायचे, असा प्रश्न सोडवत असतो. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोमार्ग त्यासाठीच हाती घेतला गेला. १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनने पुण्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या पासधारकांची एक जमातच घडवली. १९२ किलोमीटर, एका बाजूला तीन तासांहून अधिक. आपली वस्ती न सोडण्यासाठी माणूस किती देऊ शकतो याची ती टोकाची मर्यादा.

नव्या मार्गांनी ही समीकरणे हलतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मेट्रोमार्ग पूर्ण खुला झाला आणि रूळ नसलेल्या काही भागांना पहिल्यांदा वेळेची खात्री मिळाली. मात्र मार्ग आखला जाण्याच्या बातमीबरोबर भाव चढतात आणि गाडी धावायला आठ-दहा वर्षे लागतात. भावी स्टेशनाच्या भरवशावर घर घेणारा आज जास्त किंमत देतो आणि ती दहा वर्षेही प्रवासातच काढतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि सर्वसामान्यांना ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत मिळाली नाही. त्या काळात घरून काम करणाऱ्यांनी कर्जत-नेरळकडे मोठी घरे घेतली. पुढे कचेऱ्यांनी परत बोलावले तेव्हा तो व्यवहार अनेकांच्या अंगावर आला. आठवड्यातून दोन दिवस जावे लागणाऱ्याला दूरचे घर फायद्याचे आहे, पण ती सवलत मालकाच्या मर्जीवर असते आणि हप्ता नसतो.

लांब न जाता जे शहरातच थांबले त्यांनाही कधीकधी मोठी जागा मिळाली. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच आवारात ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. पण पुनर्विकासाची वाट बघत कित्येकांचे अख्खे उमेदीचे आयुष्य त्या खोलीत सरले.

निर्णय घेण्याआधी त्या वस्तीत अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहून पाहणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, कारण त्यात पावसाळाही येतो. ते जमणार नसेल तर रविवारी दुपारी घर बघून परतण्याऐवजी, जुलैतल्या एखाद्या सोमवारी त्या दारातून निघून कामाच्या वेळेला कचेरी गाठावी आणि संध्याकाळी परतही यावे.

वयाचाही विचार हवा. तिशीतल्या जोडप्यापुढे नोकरीची पंचवीस-तीस वर्षे असतात. त्यांच्यासाठी रोजचे दोन तास वाचवणारे लहान घर हे मोठ्या घरापेक्षा मोलाचे. पंचावन्नाव्या वर्षी मात्र प्रवासाची चार-पाच वर्षेच उरतात आणि घर पुढची पंचवीस वर्षे राहते, तेव्हा दूरचे, हवेशीर घर शहाणपणाचे ठरते. फक्त तोवर मोजायचे अंतर बदललेले असते. कचेरीच्या जागी रुग्णालय येते, आणि हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला रात्री दोन वाजता घेऊन जाता येईल असे सुसज्ज रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे त्या वयात घर घेताना आधी विचारावे लागते.